महामत्स्याची खानेसुमारी

जमिनीवरील प्राण्यांची मोजदाद करणें कठीण असलें, तरी अशक्य नाहीं. वाघाच्या पायाचा ठसा चिखलांत उमटतो, हत्तीची वाट मोडलेल्या फांद्यांवरून कळते, आणि पक्ष्यांचा थवा मोजावयाचा तर चांगली दृष्टि व थोडी चिकाटी एवढी सामग्री पुरते. समुद्राची गोष्ट निराळी. पाण्यावर पाऊल उमटत नाहीं. जो प्राणी क्षणापूर्वीं होडीजवळ होता, तो क्षणानंतर कोठें गेला हें सांगावयास एकही खूण मागें राहत नाहीं. त्यामुळें पृथ्वीच्या पाठीवरील सर्वांत मोठा मासा किती संख्येनें शिल्लक आहे, या साध्या प्रश्नाचें उत्तर एकोणिसाव्या शतकाला देतां आलें नाहीं, आणि विसाव्या शतकाचाही बहुतेक काळ तसाच गेला. तें उत्तर शोधण्याचें काम अखेर ज्यांनीं पुढें रेटलें, त्यांत विद्यापीठांतले पंडित थोडे, आणि सुटीच्या दिवसांत हौसेनें समुद्रांत बुडी मारणारे सामान्य स्त्रीपुरुष पुष्कळ होते. त्या मोजणीचा हा इतिहास आहे.

या माशाला व्हेल शार्क असें नांव पडलें आहे, आणि तें नांव थोडेंसें फसवें आहे. व्हेल म्हणजे देवमासा. तो हवेंत श्वास घेतो आणि पिलांना दूध पाजतो. व्हेल शार्क हा त्या अर्थानें देवमासा नव्हे. तो खरोखरीचा मासा आहे, कल्ल्यांनीं श्वास घेतो, आणि आपल्याकडील कोळी ज्याला मुशी किंवा मोरी म्हणतात त्याच कुळांतला आहे. देवमाशाचें नांव त्याला केवळ आकारामुळें मिळालें. पूर्ण वाढीचा मासा १२ मीटरांहूनही लांब होतो. १८ मीटरांपर्यंतच्या नोंदीही आहेत. शार्क म्हटल्याबरोबर मनांत येणारें क्रौर्य मात्र त्याच्यांत नाहीं. त्याच्या रुंद जबड्यांत हजारों दांत असतात, पण ते इतके बारीक कीं चावण्याच्या कामीं त्यांचा कांहींच उपयोग नाहीं. तोंड उघडें ठेवून तो संथपणें पोहत जातो आणि पाण्याबरोबर आंत आलेले सूक्ष्म जीव, माशांचीं अंडीं व लहान मासे गाळून घेतो. त्याच्या काळसर करड्या पाठीवर पांढरे ठिपके व फिकट पट्टे असतात. या ठिपक्यांची गोष्ट पुढें यावयाची आहे, कारण सर्व इतिहासाची किल्ली त्यांतच आहे.

विज्ञानाशीं या माशाची पहिली गांठ १८२८ सालीं पडली. दक्षिण आफ्रिकेंतील टेबल उपसागरांत सुमारे साडेचार मीटर लांबीचा एक अनोळखी मासा भाल्यानें मारला गेला, आणि इंग्रजी फौजेंतील शस्त्रवैद्य डॉ. अँड्र्यू स्मिथ यांनीं त्याचें वर्णन प्रसिद्ध केलें. सविस्तर वर्णन त्यांनीं १८४९ सालीं दिलें. पहिल्या वर्णनाच्या छपाईंत माशाच्या शास्त्रीय नांवाचें अक्षरलेखन घोटाळ्यांत सांपडलें, आणि तें नांव नक्की कसें लिहावें हा वाद प्राणिनामांच्या आंतरराष्ट्रीय आयोगानें १९८४ सालीं मिटविला. ज्या माशाचें नांव निश्चित करावयास दीडशें वर्षें लागलीं, त्याच्या जीवनक्रमाविषयीं माणसाला किती माहिती असावी, याची कल्पना यावरून करतां येईल. विसाव्या शतकाच्या पूर्वार्धांत अमेरिकेंतील मत्स्यशास्त्रज्ञ ई. डब्ल्यू. गजर यांनीं जहाजांवरील अधिकाऱ्यांकडून व निरनिराळ्या बंदरांतून या माशाच्या दर्शनाच्या बातम्या चिकाटीनें जमविल्या. आगबोटीच्या नाळेवर आडवा अडकून पडलेला मासा, जाळ्यांत चुकून आलेला मासा, वाळूवर वाहून आलेला मासा, अशा त्या बातम्या होत्या. त्यांतले बरेचसे मासे मेलेले किंवा मरणोन्मुख होते. १९८० नंतरच्या दशकाच्या मध्यापर्यंत साऱ्या जगांतून मिळून व्हेल शार्कच्या विश्वसनीय नोंदी ३५० सुद्धां झालेल्या नव्हत्या.

यावरून हा मासा अत्यंत दुर्मिळ आहे, असा निष्कर्ष पुष्कळांनीं काढला. परंतु दुर्मिळ असणें आणि दृष्टीस न पडणें या दोन भिन्न गोष्टी आहेत. पाहणारा माणूसच पाण्यांत नव्हता. १९४३ सालीं फ्रान्समध्यें झाक कूस्तो व एमील गान्यां यांनीं पाठीवर वाहून नेतां येईल असें श्वासोच्छ्वासाचें यंत्र सिद्ध केलें, तेव्हां ही अडचण दूर होऊं लागली. तोंवर समुद्राच्या तळाशीं जावयाचें तर जड शिरस्त्राण, वरून हवा पोंचविणारी नळी आणि होडीवर पंप चालविणारीं माणसें लागत. नव्या यंत्रानें माणूस माशासारखा मोकळा झाला. पहिल्या पिढींतल्या पाणबुड्यांपैकीं हान्स हास यांनीं १९५० च्या सुमारास तांबड्या समुद्रांत व्हेल शार्कचीं पाण्याखालीं छायाचित्रें घेतलीं. पुढील दोनतीन दशकांत हें यंत्र लष्कराच्या व संशोधकांच्या हातून निघून हौशी लोकांच्या हातीं आलें. बुडी मारणें हा सुटींतला छंद झाला, आणि त्याबरोबर पाण्याखालीं चालणारा कॅमेराही आला.

हौशी माणसांच्या निरीक्षणाचा शास्त्राला उपयोग व्हावा, ही कल्पना त्या वेळीं अगदींच नवी नव्हती. अमेरिकेंत नाताळच्या दिवशीं बंदुका घेऊन अधिकांत अधिक पक्षी मारण्याची चढाओढ लागत असे. १९०० सालीं फ्रँक चॅपमन या पक्षिशास्त्रज्ञानें सुचविलें कीं, त्या दिवशीं पक्षी मारण्याऐवजीं मोजावे. पहिल्या वर्षीं सत्तावीस माणसांनीं तें मान्य केलें. ती मोजणी अद्याप दरसाल चालू आहे. तिच्यांतून दोन धडे मिळाले. एक असा कीं, थोड्या शिक्षणावर सामान्य माणूस विश्वासार्ह नोंद करूं शकतो. दुसरा असा कीं, जो माणूस मोजूं लागतो, त्याचा मारण्याकडील ओढा कमी होतो. तथापि पक्ष्यांची मोजणी म्हणजे जातीची मोजणी होय. कावळे किती दिसले हें सांगतां येतें. हा तोच गेल्या वर्षींचा कावळा आहे काय, हें सांगतां येत नाहीं. व्हेल शार्कच्या बाबतींत नेमका हाच प्रश्न महत्त्वाचा होता. एकाच जागीं दहा वेळां मासा दिसला, तर ते दहा मासे कीं एकच मासा दहा वेळां?

या प्रश्नाला तोंड फुटलें तें पश्चिम ऑस्ट्रेलियाच्या किनाऱ्यावर. तेथें निंगालू नांवाचा सुमारे २६० किलोमीटर लांबीचा प्रवाळाचा बांध किनाऱ्याला अगदीं लागून आहे. मार्च-एप्रिलच्या सुमारास पौर्णिमेनंतरच्या कांहीं रात्रीं प्रवाळाचे असंख्य जीव एकाच वेळीं आपलीं बीजें पाण्यांत सोडतात. समुद्र त्या काळांत अन्नानें भरून जातो. त्याच हंगामांत व्हेल शार्क तेथें येतात, ही गोष्ट १९८० नंतरच्या दशकांत एक्समथ या लहानशा गांवांतील डॉक्टर जेफ टेलर यांनीं वर्षानुवर्षें नोंदी ठेवून जगापुढें आणली. टेलर हे व्यवसायानें मत्स्यशास्त्रज्ञ नव्हते. रोग्यांची तपासणी संपल्यावर समुद्रावर जाणारे ते गृहस्थ होते. १९९४ सालीं त्यांचें या माशावरील पुस्तक प्रसिद्ध झालें. तोंवर निंगालूला प्रवाशांचा ओघ सुरू झाला होता, आणि माशाबरोबर पोहण्यासाठीं पैसे मोजणारे लोक होड्यांतून येऊं लागले होते.

१९९५ सालीं ब्रॅड नॉर्मन या तरुण संशोधकानें निंगालूच्या माशांचीं छायाचित्रें क्रमवार लावून ठेवण्यास प्रारंभ केला. त्याच्या संग्रहांतील पहिल्या माशाच्या शेंपटीला व्यंग होतें, म्हणून त्याला 'स्टंपी', म्हणजे थोट्या, असें नांव पडलें. थोट्याला ओळखणें सोपें होतें. पण ज्यांच्या अंगीं असें ठळक व्यंग नाहीं, त्यांना ओळखावें कसें? माशाच्या अंगांत क्रमांकाची पट्टी टोंचण्याची रीत होती, परंतु पट्ट्या गळून पडत, त्यांवर शेवाळ चढे, आणि शिवाय प्रत्येक माशाला टोंचावें लागे. नॉर्मनच्या ध्यानांत आलें कीं निसर्गानेंच ही पट्टी देऊन ठेवली आहे. प्रत्येक व्हेल शार्कच्या अंगावरील ठिपक्यांची मांडणी निराळी असते, आणि ती वर्षें गेलीं तरी बदलत नाहीं. माणसाच्या अंगठ्याचा ठसा जसा, तसेच हे ठिपके. कल्ल्यांच्या मागील बाजूचा, परांच्या वरचा भाग तेवढा नीट टिपला म्हणजे पुरे.

खूण सांपडली, पण ती ताडून पाहण्याचें काम जिकिरीचें होतें. संग्रहांत पन्नास चित्रें असतील तोंवर डोळ्यांनीं तुलना करतां येते. चित्रें हजारांवर गेलीं म्हणजे प्रत्येक नवें चित्र साऱ्या जुन्या चित्रांशीं लावून पाहावयाचें, हें एका माणसाच्या आयुष्याला न पुरणारें काम होऊन बसतें. येथें आणखी एका हौशी माणसाचा प्रवेश झाला. जेसन होल्मबर्ग हा अमेरिकेंतील संगणकाच्या व्यवसायांतला गृहस्थ. २००२ सालीं तांबड्या समुद्रांत बुडी मारतांना त्याला व्हेल शार्कचें दर्शन झालें, आणि त्या एका दर्शनानें त्याच्या आयुष्याची दिशा बदलली. त्यानें नॉर्मनशीं संधान बांधलें, आणि ठिपके जुळविण्याचें काम संगणकाकडून करून घेण्याचा प्रयत्न चालविला. त्याचा मित्र झावेन आर्झुमानियन हा खगोलशास्त्रज्ञ होता. काळ्या पाठीवरचे पांढरे ठिपके पाहून खगोलशास्त्रज्ञाला जें आठवावयाचें तेंच त्याला आठवलें: ताऱ्यांनीं भरलेलें आकाश.

आकाशाच्या दोन निरनिराळ्या छायाचित्रांत तेच तारे आहेत काय, हें ठरविण्याची अडचण ज्योतिर्विदांना फार पूर्वींपासून होती. छायाचित्रें वेगवेगळ्या दुर्बिणींतून, वेगवेगळ्या कोनांतून व प्रमाणांतून घेतलेलीं असतात. प्रिन्स्टन विद्यापीठाच्या एडवर्ड ग्रॉथ यांनीं १९८६ सालीं यावर एक युक्ति प्रसिद्ध केली होती. तिचें तत्त्व शाळेंतल्या भूमितीइतकें सोपें आहे. कोणतेही तीन तारे घेतले कीं त्यांचा त्रिकोण होतो. चित्र लहान असो वा मोठें, सरळ असो वा फिरविलेलें, त्या त्रिकोणाच्या बाजूंचें परस्परांशीं प्रमाण तेंच राहतें. एका चित्रांतील त्रिकोण दुसऱ्या चित्रांतील त्रिकोणांशीं ताडून पाहावे. पुष्कळ त्रिकोण जुळले तर आकाश एकच. होल्मबर्ग, आर्झुमानियन व नॉर्मन या तिघांनीं हीच युक्ति माशाच्या पाठीला लावली. पोहणारा मासा वाकतो, कॅमेरा तिरपा धरला जातो, ठिपका कधीं पुसट येतो. या अडचणींसाठीं मूळ रीतींत फेरफार करावे लागले. शेवटच्या कल्ल्याचीं दोन टोंकें व परांच्या मागल्या टोंकाच्या वरची जागा असे तीन बिंदू आधारासाठीं ठरविले, आणि मधले ठिपके संगणकाला पुरविले. संगणक संभाव्य जोड्या पुढें करी, आणि शेवटचा निर्णय मनुष्याच्या डोळ्यांनीं होई. १९८६ ची ताऱ्यांची युक्ति अशा रीतीनें २००५ सालीं माशांची युक्ति म्हणून शास्त्रीय नियतकालिकांत प्रसिद्ध झाली.

या शोधाचें खरें महत्त्व संगणकाच्या चातुर्यांत नव्हतें. त्यामुळें जगांतल्या प्रत्येक पाणबुड्याच्या कपाटांतलें जुनें छायाचित्र एकाएकीं पुराव्याच्या योग्यतेला चढलें. मोझांबीक, मालदीव, फिलिपाईन्स, मेक्सिको, हाँडुरास, थायलंड, जेथें जेथें लोक बुडी मारावयास जात, तेथून चित्रें येऊं लागलीं. पाठविणाऱ्यानें सांगावयाच्या गोष्टी थोड्या होत्या: दिवस, स्थळ, माशाची अदमासें लांबी, अंगावर व्रण असल्यास त्यांचें वर्णन, आणि दिसल्यास नर कीं मादी. नराच्या पोटाकडील परांशीं दोन दांड्यासारखे अवयव असतात, त्यामुळें हा भेद पाहतां येतो. पाठविणाऱ्याचें नांव त्या माशाच्या नोंदीशीं जोडलेलें राही, आणि पुढें तो मासा दुसऱ्या कोणाला कोठेंही दिसला कीं पहिल्यालाही तें कळविण्यांत येई. समुद्रांत अर्धा तास भेटलेला प्राणी चार वर्षांनीं जिवंत आहे ही बातमी दूरच्या एखाद्या शहरांतील घरीं बसलेल्या माणसाला मिळावी, हा त्या श्रमाचा मोबदला होता. पगाराहून तो कांहींसा अधिक होता असें म्हणावयास हरकत नाहीं, कारण त्यावर हजारों लोक वर्षानुवर्षें काम करीत राहिले.

अर्थात् हौशी माणसाच्या नोंदीला एक जन्मजात दोष असतो, आणि तो लपविण्यांत अर्थ नाहीं. शास्त्रज्ञ जेथें प्रश्न असेल तेथें जातो. हौशी माणूस जेथें सुख असेल तेथें जातो. पाणी स्वच्छ, हवा चांगली, होडी स्वस्त, अशा जागीं चित्रांचा ढीग पडतो. बाकीचा समुद्र कोरा राहतो. चित्रें वाढलीं कीं मासे वाढले असें वाटतें, पण वाढलेले असतात ते पाणबुडे. हा दोष २००८ सालीं चांगलाच चव्हाट्यावर आला. निंगालूच्या प्रवासी होड्यांच्या १९९५ ते २००४ पर्यंतच्या नोंदींचा अभ्यास करून कोरी ब्रॅडशॉ व त्यांचे सहकारी यांनीं असें मांडलें कीं, एका दशकांत माशांची सरासरी लांबी जवळजवळ दोन मीटरांनीं उतरली आणि त्यांचें आढळणें सुमारे ४० टक्क्यांनीं कमी झालें. दूर कोठें तरी होणारी शिकार हें त्याचें कारण असावें. त्याच वर्षीं होल्मबर्ग, नॉर्मन व आर्झुमानियन यांनीं ओळख पटलेल्या माशांच्या चित्रांवरून हिशेब मांडला, आणि त्यांना निंगालूला अशी घट दिसली नाहीं. समुद्र एक, काळ बहुतांशीं एक, आणि निष्कर्ष परस्परविरुद्ध.

या वादांत कोणाचें खरें मानावयाचें यापेक्षां वादानें काय शिकविलें हें अधिक मोलाचें आहे. 'किती मासे दिसले' ही नोंद होडी किती वेळ फिरली, विमानानें किती मदत केली, नावाड्याची नजर किती तयार झाली, यांवर अवलंबून असते. 'हाच मासा पुन्हां दिसला' ही नोंद इतकी लवचिक नसते. दोन वर्षांच्या चित्रांत तेच मासे कितीदां येतात यावरून एकंदर संख्येचा अंदाज बांधण्याचें गणित आहे. त्यासाठीं पाहिलेल्या माशाची ओळख निश्चित असावी लागते. तथापि तें गणितही, जे मासे त्या जागीं कधीं येतच नाहींत त्यांविषयीं कांहीं बोलूं शकत नाहीं. निंगालूला येणारे मासे बहुतेक अल्पवयी नर असतात. मग माद्या कोठें असतात? गालापागोस द्वीपसमूहांतील डार्विन बेटाजवळ मोठ्या माद्या दिसतात, परंतु त्या पिलें कोठें घालतात हें माणसाच्या दृष्टीस पडलेलें नाहीं. १९९५ सालीं तैवानच्या कोळ्यांनीं मारलेल्या एका मादीच्या पोटांत सुमारे ३०० गर्भ आढळले. तीनशें पिलांना एका वेळीं वाढविणाऱ्या माशाचीं नवजात पिलें आजवर केवळ अपवादानें सांपडावीं, यावरून समुद्राचा किती भाग अजून कोरा आहे हें कळतें.

२०१७ सालीं नॉर्मन व त्यांच्या सहकाऱ्यांनीं या साऱ्या खटाटोपाचा ताळेबंद प्रसिद्ध केला. १९९२ पासून २०१४ पर्यंतच्या २२ वर्षांत ५४ देशांतून २८,७७६ भेटींची नोंद झाली होती, आणि त्यांतून ६,०९१ निरनिराळे मासे ओळखतां आले होते. ज्या ठिकाणीं हे मासे जमतात अशा जागा पूर्वीं १३ ठाऊक होत्या, त्या २० झाल्या. दिसलेल्या माशांत दोनतृतीयांशांहून अधिक नर होते. पुष्कळ मासे पुन्हां पुन्हां त्याच जागीं येत. शेजारच्या देशांच्या हद्दींत थोडी येजा होती, परंतु एका टोंकाहून दुसऱ्या टोंकापर्यंत महासागर ओलांडून गेलेला मासा छायाचित्रांवरून एकही सिद्ध झाला नाहीं. या शेवटच्या गोष्टीचा व्यावहारिक अर्थ गंभीर आहे. एका किनाऱ्यावरचे मासे मारून संपविले, तर दूरचे येऊन ती जागा भरून काढतील असा भरंवसा धरतां येत नाहीं.

आणि मारण्याचें काम चालूच होतें. आपल्या देशाचा या इतिहासाशीं संबंध येतो तो येथें. गुजरातच्या सौराष्ट्र किनाऱ्यावर वेरावळच्या आसपास व्हेल शार्कची शिकार पूर्वींपासून होत असे. त्याच्या यकृताचें तेल लांकडी होड्यांना पाणी लागूं नये म्हणून वापरीत. भाल्याच्या दोरीला पिंपें बांधून माशाला दमवीत, म्हणून कोळी त्याला 'बॅरल' याच नांवानें ओळखीत. १९९० नंतरच्या दशकांत परदेशांत मांसाला भाव आला आणि शिकारीचा व्यापार झाला. माईक पांडे यांनीं या शिकारीवर काढलेला चित्रपट २००० सालीं पुढें आला, आणि २००१ च्या मे महिन्यांत भारत सरकारनें व्हेल शार्कला वन्यजीव संरक्षण कायद्याच्या पहिल्या परिशिष्टांत घातलें. वाघाला व सिंहाला जें संरक्षण, तेंच या माशाला मिळालें. कायद्यानें असा संरक्षित झालेला भारतांतील हा पहिला मासा होय.

कायदा कागदावर राहूं नये म्हणून २००४ सालीं वनखातें, वाइल्डलाइफ ट्रस्ट ऑफ इंडिया व टाटा केमिकल्स यांनीं किनाऱ्यावर प्रचार आरंभिला. कथाकार मोरारी बापू यांनीं कोळ्यांना जी उपमा दिली ती आंकड्यांहून प्रभावी ठरली. हा मासा म्हणजे बाळंतपणासाठीं माहेरीं येणारी लेक आहे, असें त्यांनीं सांगितलें; आणि 'बॅरल'चें नांव बदलून 'व्हाली', म्हणजे लाडकी, असें झालें. माहेरीं आलेल्या लेकीवर भाला कोण उगारील? जाळ्यांत सांपडलेला मासा जाळें कापून सोडावयाचा, जाळ्याची भरपाई सरकारनें द्यावयाची, आणि सोडल्याचा पुरावा म्हणून कोळ्यानेंच छायाचित्र घ्यावयाचें, अशी व्यवस्था रूढ झाली. अशा रीतीनें शेंकडो मासे परत समुद्रांत गेले. महाराष्ट्रानेंही २०१८ च्या अखेरीस, जाळ्यांत आलेले संरक्षित जलचर सोडून देणाऱ्या मच्छीमारांना २५,००० रुपयांपर्यंत भरपाई देण्याची योजना मान्य केली. निंगालूचा पाणबुडा हौसेसाठीं कॅमेरा धरतो आणि वेरावळचा कोळी भरपाईसाठीं. पण दोघांचीं चित्रें शास्त्राला सारखींच उपयोगी.

हौस नेहमींच निरुपद्रवी असते असें मात्र नाहीं. ज्या प्राण्याला पाहण्यासाठीं लोक येतात, त्याच प्राण्याला त्यांच्या गर्दीचा उपद्रव होतो. निंगालूला म्हणून नियम करावे लागले: एका वेळीं पाण्यांत दहाच माणसें, माशाच्या अंगापासून तीन मीटर व शेंपटीपासून चार मीटर अंतर, आणि स्पर्श बिलकुल नाहीं. फिलिपाईन्समधील ओस्लोब येथें २०११ पासून नेमका उलटा प्रकार घडला. प्रवाशांना मासा हमखास दिसावा म्हणून त्याला रोज कोळंबीसारखें खाद्य चारूं लागले. मासे होड्यांच्या भोंवतीं घोटाळूं लागले, त्यांच्या अंगावर व्रण वाढले, आणि कांहीं मासे महिनोगणती तेथेंच राहिले. ते व्रण आणि तो मुक्काम जगाला कळला तोही छायाचित्रांच्या नोंदींवरूनच. पाहणाऱ्यांच्या अपराधाचा पुरावा पाहणाऱ्यांनींच जमविला, असा प्रसंग विज्ञानाच्या इतिहासांत वारंवार येत नाहीं.

२०१६ सालीं निसर्गसंरक्षणाच्या आंतरराष्ट्रीय संघानें व्हेल शार्कला 'धोक्यांतील जात' असा दर्जा दिला; तोंवर तो एक पायरी खालच्या, 'असुरक्षित' या वर्गांत होता. त्या निर्णयाच्या हिशेबाप्रमाणें ७५ वर्षांच्या कालखंडांत हिंदी व प्रशांत महासागरांतील संख्या सुमारे ६३ टक्क्यांनीं, आणि सबंध जगांतील निम्म्याहून अधिक घटली. हा निर्णय केवळ पाणबुड्यांच्या चित्रांवर झाला नाहीं. मासेमारीचे आंकडे, विमानांतून केलेल्या पाहण्या, असा सर्व पुरावा तोलला गेला. तथापि ओळख पटलेल्या माशांची यादी हाताशीं नसती, तर त्या हिशेबाला पुष्कळ ठिकाणीं आधार राहिला नसता. त्यानंतर यादी वाढतच गेली आहे. तिच्यांत आतां दहा हजारांहून अधिक माशांची ओळख नोंदली आहे, आणि लोकांनीं यूट्यूबवर टाकलेल्या चलच्चित्रांतूनही संगणक स्वतः नोंदी वेंचूं लागला आहे.

एवढें असूनही मोजणी पुरी झाली असें म्हणतां येणार नाहीं, आणि त्याचें कारण माशाच्या आयुष्यांतच आहे. झाडाच्या खोडांत जशीं वर्तुळें असतात, तशीं माशाच्या मणक्यांत थर असतात. ते थर वर्षाला एक या प्रमाणांत पडतात कीं कसें, याचा निर्णय विसाव्या शतकाच्या मध्यांत झालेल्या अणुस्फोटांनीं वातावरणांत सोडलेल्या कार्बनच्या साह्यानें झाला. त्या कार्बनची खूण मणक्यांतही उतरलेली असते. २०२० सालीं प्रसिद्ध झालेल्या या संशोधनांत पाकिस्तानच्या किनाऱ्यावरील सुमारे दहा मीटर लांबीच्या एका माशाचें वय ५० वर्षें ठरलें. मासा याहून लांब वाढतो, म्हणजे याहून अधिक जगतोही. वयांत यावयासच त्याला दोन दशकांहून अधिक काळ लागतो. थोट्याची नोंद १९९५ सालीं झाली, आणि दोन दशकांनंतरही तो निंगालूला परत येत असल्याचें २०१६ सालीं प्रसिद्ध झालें; तरी ही दोन दशकें म्हणजे त्याच्या आयुष्याचा एक टप्पाच. १९९२ ते २०१४ हा सारा हिशेब माशाच्या एका पिढीलाही पुरा होत नाहीं.

संशोधनाला मिळणारें अनुदान तीनचार वर्षांचें असतें, प्राध्यापकाची नोकरी तीस वर्षांची, आणि माशाचें आयुष्य त्याहून मोठें. एवढा काळ नोंद अखंड ठेवणें कोणत्याही एका माणसाच्या किंवा एका संस्थेच्या हातचें नाहीं. तें काम एकाकडून दुसऱ्याकडे सोंपवीतच न्यावें लागतें. आज निंगालूच्या पाण्यांत जें पिल्लू एखाद्या विद्यार्थ्याच्या कॅमेऱ्यांत सांपडेल, त्याचें म्हातारपण टिपणारा माणूस बहुधा अजून जन्मलेला नसेल. त्याच्यासाठीं आज करावयाचें तें इतकेंच कीं, डाव्या कुशीचें चित्र स्वच्छ घ्यावें, दिवस व स्थळ खरें लिहावें, आणि तीन मीटरांहून जवळ जाऊं नये.